खाजनावरचा शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवताना

गोव्यातील एका सरकारी महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. चोडण बेटावरील खाजन शेतीत पावसाळ्याच्या आरंभापासून भात पोटरीत येईपर्यंत मातीची क्षारता कशी उतरत जाते, याची मोजणी आम्ही काही हंगाम केली. मोजणी संपली, आकडे तपासून झाले, आणि ते शोधनिबंधाच्या रूपात एखाद्या समीक्षित नियतकालिकाकडे पाठवण्याचे काम समोर आले. त्या कामाचा हा अनुभव मी सविस्तर लिहीत आहे, कारण आमच्यासारख्या लहान महाविद्यालयांत प्रयोग कसा करावा हे सांगणारे कोणी ना कोणी भेटते, पण केलेला प्रयोग अनोळखी वाचकापुढे कसा ठेवावा हे सांगणारे क्वचितच भेटते.

खाजन म्हणजे खाडीच्या भरतीखाली जाणारी, बांध घालून शेतीखाली आणलेली सखल जमीन. बांधातील मानस म्हणजे पाण्याचे फाटक; तिची लाकडी दारे ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात आणि भरती चढू लागली की पाण्याच्या दाबानेच मिटतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. या पावसाने मातीतले मीठ धुऊन निघते आणि मग कोरगुटसारखे क्षार सोसणारे भात तिथे उभे राहते. गोव्यातल्या वाचकाला यातले काहीच नवे नाही. मात्र नियतकालिकाचा समीक्षक कदाचित नेदरलँड्समध्ये किंवा व्हिएतनाममध्ये बसलेला असेल, त्याने मानस कधी पाहिलेली नसेल, आणि तरीही आमच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हे त्याला केवळ आमच्या मजकुरावरून ठरवायचे असेल, ही जाणीव ठेवूनच सगळे लेखन करावे लागले.

पहिला प्रश्न नियतकालिकाच्या निवडीचा होता. बरीच वर्षे आम्हा प्राध्यापकांसाठी हा प्रश्न मान्य नियतकालिकांच्या यूजीसी-केअर यादीने परस्पर सोडवला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी लेखकांवर व संस्थांवर आली. मला हा बदल योग्य वाटतो, कारण यादीत नाव आहे एवढे पाहून निबंध पाठवणारा माणूस त्या नियतकालिकातले दोन लेखसुद्धा वाचत नसे. आम्ही उलट दिशेने गेलो. आमच्या संदर्भसूचीत जी नियतकालिके वारंवार येत होती ती आधी बाजूला काढली, प्रत्येकाचे अलीकडचे काही अंक चाळले, संपादक मंडळावरील व्यक्ती त्या विषयात खरोखर काम करतात का ते पाहिले आणि लेखकाकडून शुल्क घेतले जाते का याची चौकशी केली. मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकांसाठी २००३ पासून चालू असलेली डीओएजे ही निर्देशिका फार उपयोगी पडली, कारण तिथे शुल्क, परवाना आणि समीक्षेची पद्धत या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी संस्थांना मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके वाचायला मिळू लागली आहेत. वाचण्याची ही सोय झाली नसती, तर ही पारख आम्हाला करताच आली नसती. आठवडाभरात छापून देतो, फक्त अमुक रक्कम भरा, अशी आमंत्रणे याच काळात ईमेलवर येत राहिली. त्यांना उत्तर द्यायचे नाही, एवढाच त्यांच्याविषयीचा नियम.

लेखनाला सुरुवात आम्ही पद्धतीच्या प्रकरणापासून केली. प्रस्तावनेत शब्द शोधावे लागतात, पद्धतीत फक्त आठवावे लागते, आणि आठवण ताजी असतानाच ते लिहून ठेवणे बरे असते. नमुने कोणत्या खोलीवरून घेतले, एका कुणग्यातून, म्हणजे भाताच्या खाचरातून, किती जागांची माती एकत्र केली, माती सावलीत वाळवली की भट्टीत, केवढ्या छिद्रांच्या चाळणीतून गाळली, क्षारता दाखवणारी विद्युतवाहकता मोजण्याआधी मीटर कोणत्या द्रावणावर जुळवून घेतला, हे सगळे प्रयोगवहीतून एकेक करून उतरवले. यातली एक गोष्ट विशेष महत्त्वाची होती. एकाच कुणग्यातून दहा नमुने घेतले म्हणून दहा स्वतंत्र निरीक्षणे होत नाहीत. ती एकाच कुणग्याची दहा मोजमापे असतात. सांख्यिकी शिकवणाऱ्या आमच्या सहकारी मॅडमनी हे प्रयोगाच्या आखणीतच बजावले होते, त्यामुळे विश्लेषणात कुणगा हाच मूळ घटक धरला होता. ते मजकुरात स्पष्ट वाक्यात लिहिणे तितकेच आवश्यक होते, कारण समीक्षक सर्वप्रथम तिथेच बोट ठेवतो.

मसुदा झाल्यावर तो आम्ही भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याला वाचायला दिला. खाजनाशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि म्हणूनच ते नेमके वाचक होते. ‘मानस कोण उघडतो, आणि तो कधी उघडतो याचा तुमच्या आकड्यांवर परिणाम होत नाही का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. परिणाम अर्थातच होतो. मानशीच्या उघडझापीची नोंद आमच्याकडे होती, पण ती परिशिष्टात होती. त्या प्रश्नानंतर ती मुख्य मजकुरात आणली आणि पावसाच्या आकड्यांशेजारी ठेवली.

आकडे लिहिण्याचेही एक शिस्तशास्त्र आहे. वाहकतामापक दोन दशांश स्थळांपर्यंत वाचन देत असेल, तर सरासरी चार स्थळांपर्यंत छापणे म्हणजे हाती नसलेली अचूकता दाखवणे. संगणक वाटेल तेवढी स्थळे देतो. किती ठेवायची हे लेखकाने ठरवायचे असते. नकाशा आम्ही क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या प्रणालीत स्वतः काढला, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची माहिती जिथे वापरली तिथे तसा उल्लेख केला, आणि आलेखांत लाल-हिरव्याची जोडी टाळली, कारण त्या दोन रंगांतला फरक न दिसणारे वाचक कमी नाहीत. बाकीची मांडणी, म्हणजे ओळींना क्रमांक, दुप्पट अंतर, छायाचित्रांना ३०० डीपीआय, ही नियतकालिकाच्या सूचना वाचून बसल्या बैठकीत होणारी कामे आहेत.

सर्वांत जास्त वेळ चर्चेच्या प्रकरणातील एका परिच्छेदाने घेतला. आमच्या अभ्यासातील एका पट्ट्यात बांध फुटला होता आणि त्या हंगामात तिथली क्षारता ऑगस्टमध्येही भाताला सोसवेल इतकी खाली आली नव्हती. गोव्यात खाजनांचे बांध कोळंबी आणि मासळीच्या उत्पन्नासाठी मुद्दाम फोडले जातात, ही तक्रार जुनी आहे आणि ती गावोगाव ऐकू येते. आमच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचेही तेच म्हणणे होते. त्यांच्या भाताचे नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यांचा राग मला पूर्णपणे समजतो. तरीही आमच्या हातात होते ते मातीचे आकडे. त्या आकड्यांवरून बांध फुटल्यानंतर खारे पाणी किती आत आले आणि किती काळ टिकले हे सांगता येत होते; बांध कसा फुटला, हे सांगता येत नव्हते. आमच्या गटातील एका तरुण सहकाऱ्याला वाटत होते की निबंधात हे कारण लिहिले नाही तर आपण गावाशी प्रतारणा करू. यावर आम्ही पुष्कळ बोललो. शेवटी जे वाक्य राहिले ते असे होते: बांध अखंड असलेल्या पट्ट्यांच्या तुलनेत खंडित पट्ट्यात क्षार धुतले जाण्याची प्रक्रिया खुंटली, आणि त्या हंगामात लावणीला योग्य असा कालावधी मिळाला नाही. माझी खात्री आहे की हे मर्यादित वाक्यच शेतकऱ्यांच्या अधिक कामाचे आहे. उद्या कोणत्याही कार्यालयात ते पुढे केले तर त्याला कोणी हात लावू शकणार नाही; पुराव्याबाहेरचे एक विशेषण जरी त्यात असते, तरी त्या विशेषणाच्या आधारे सगळा निबंध बाजूला सारता आला असता.

लेखक म्हणून कोणाची नावे द्यायची, हा प्रश्न आमच्याकडे बहुधा हुद्द्यावरून सुटतो, आणि ते मला मुळीच मान्य नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घातलेल्या चार अटी आता इतर शाखांतही आधार म्हणून घेतल्या जातात: कामात भरीव वाटा, मसुद्याच्या लेखनात किंवा गंभीर दुरुस्तीत सहभाग, अंतिम मजकुराला संमती, आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी. या अटी लावल्यावर गावातला एक कृषी पदवीधर मुलगा निःसंशय सहलेखक ठरत होता. पाण्याच्या पातळीची वही त्याने ठेवली होती, आलेखांचा अर्थ लावताना तो बसला होता, आणि मसुद्यातील मानशीविषयीचा भाग त्याने दुरुस्त केला होता. मानशीची देखभाल करणारे त्याचे काका मात्र नावाला तयार नव्हते. ‘माझे नाव नको, आमच्या कुळांच्या संघटनेचे लिहा,’ असे ते म्हणाले, आणि ऋणनिर्देशात तसेच लिहिले. ऋणनिर्देशात नाव घालण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घ्यावी लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. प्रत्येक लेखकाने नेमके काय केले हे सांगण्यासाठी क्रेडिट या पद्धतीत चौदा भूमिका दिलेल्या आहेत. त्या भरताना आमच्या गटातील श्रमांची वाटणी प्रथमच कागदावर दिसली. सर्वांनी ऑर्किड हा संशोधकांसाठीचा सोळा अंकी ओळखक्रमांकही काढून घेतला. नावाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारे छापून येणाऱ्या आम्हा लोकांना तो फारच आवश्यक आहे.

साम्यतपासणी, म्हणजे मजकूर आधी छापलेल्या लेखनाशी किती जुळतो याची तपासणी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात करून घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, परंतु मला त्या टक्केवारीपेक्षा अहवालातल्या रंगवलेल्या ओळी वाचणे महत्त्वाचे वाटते. संस्थेचे नाव किंवा उपकरणाचे वर्णन जुळले तर ते साम्य निरुपद्रवी असते; दुसऱ्याच्या निष्कर्षाचे एखादे वाक्य जुळले, तर एकूण आकडा दोन टक्के असला तरी ते पुन्हा लिहायला हवे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली का, हेही अर्जात विचारले जाते. अशी साधने लेखक होऊ शकत नाहीत, अशी प्रकाशन-नीतीविषयीच्या कोप या संस्थेची स्पष्ट भूमिका आहे, कारण मजकुराची जबाबदारी ती घेऊ शकत नाहीत.

एका वेळी एकाच नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा, हा नियम सर्वत्र सारखा आहे. आमची पहिली निवड एका मोठ्या प्रकाशकाचे नियतकालिक होते. तिथे समीक्षा दोन्ही बाजूंनी अनामिक असल्यामुळे शीर्षकपृष्ठ वेगळे करावे लागले, ऋणनिर्देश आणि अनुदानाचा उल्लेख त्या पृष्ठावर हलवावा लागला, आमच्याच आधीच्या लेखाचा उल्लेख तृतीयपुरुषी करावा लागला आणि फाइलच्या गुणधर्मांत दडलेले लेखकाचे नावही पुसावे लागले. संपादकांना लिहायच्या पत्रात निबंधाचा सारांश पुन्हा उतरवण्यात अर्थ नसतो. प्रश्न कोणता, उत्तर कोणते, आणि ते याच नियतकालिकाच्या वाचकांना का हवे, एवढे एका पानात सांगावे. सगळ्या फाइली चढवल्यावर संगणकप्रणाली त्यांची एकत्रित पीडीएफ तयार करते आणि लेखकाने ती पाहून मान्य केल्याशिवाय निबंध पुढे सरकत नाही. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी. आमच्या तक्त्यांतील एक स्तंभ त्या रूपांतरात कडेला कापला गेला होता, आणि तो तिथेच लक्षात आला.

तिथून निबंध समीक्षेला न जाता परत आला. संपादकांनी दोन ओळींत कळवले की काम नीटस आहे, परंतु त्याचे स्वारस्य स्थानिक वाटते. मला ते वाचून वाईट वाटले, आणि ते स्वाभाविकही होते. पण खाजन हे एकटे नाही, ही गोष्ट या निमित्ताने प्रस्तावनेच्या अग्रभागी आली. उत्तर कन्नडमधील अघनाशिनीच्या काठची गजनी जमीन आणि तिथले कग्गा भात, कण्णूरकडचे कैपाड, कोचीच्या परिसरातील पोक्काळी, या सगळ्या ठिकाणी पावसाने क्षार उतरवायचा, भात घ्यायचे आणि पीक निघाल्यावर खाऱ्या पाण्यावर कोळंबी घ्यायची, असेच चक्र चालते. पोक्काळी भातातूनच मिळालेला साल्टोल हा क्षारसहिष्णुतेशी निगडित जनुकीय भाग आज अनेक देशांतील भातपैदाशीत वापरला जातो. प्रस्तावना आम्ही या किनारपट्टीपासून सुरू केली आणि चोडणपर्यंत आणली. माहितीचा एकही आकडा बदलला नाही. फक्त तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते दूरच्या वाचकालाही दिसू लागले.

दुसरे नियतकालिक एका विद्वत्सभेचे होते. लेखकाकडून शुल्क नाही, वाचकाकडूनही नाही, आणि परवाना सीसी बाय, म्हणजे मूळ लेखकाचा उल्लेख करून मजकूर वापरू देणारा. तिथे निबंध समीक्षेला गेला. मग दीर्घ काळ पडद्यावर ‘अंडर रिव्ह्यू’ एवढेच दिसत राहिले. या काळात संपादकांना वारंवार विचारणा करू नये, असे माझे मत आहे. समीक्षक हे काम बिनमोबदला, आपल्या नोकरीच्या वेळेतून वेळ काढून करत असतात.

निर्णय मोठ्या दुरुस्त्यांचा आला. दोन समीक्षकांपैकी एकाचा प्रश्न इतका नेमका होता की तो माणूस शेताच्या बांधावर उभा राहून विचारतो आहे असे वाटले. आम्ही वाहकता एक भाग मातीत दोन भाग पाणी मिसळून काढलेल्या अर्कात मोजली होती, आणि माती क्षारयुक्त मानण्याची जी ४ डेसीसीमेन्स प्रति मीटर ही रूढ मर्यादा आहे, ती संपृक्त, म्हणजे जेमतेम पूर्ण भिजेल इतकेच पाणी घातलेल्या, माती-लगद्याच्या अर्कासाठी ठरवलेली आहे. १९५४ च्या अमेरिकी क्षारता प्रयोगशाळेच्या हस्तपुस्तिकेपासून ती तशीच वापरली जाते. जास्त पाणी घातले की अर्क पातळ होतो आणि त्याच मातीचे वाचन कमी येते. तेव्हा तुमचे आकडे त्या मर्यादेशी कसे ताडून पाहायचे, असा त्यांचा प्रश्न होता. वाळवलेले नमुने लेबलांसह पाकिटांत जपून ठेवलेले होते, म्हणून याचे उत्तर देता आले. क्षारतेच्या सर्व पातळ्यांतून नमुने निवडून त्यांचे संपृक्त अर्क काढले, दोन्ही पद्धतींतील संबंध आमच्याच मातीसाठी मांडला आणि तो आलेख निबंधात घातला. आता माझ्या दृष्टीने निबंधातला सर्वांत उपयोगी आलेख तोच आहे, कारण गोव्यातील खाजनांवर काम करणाऱ्या पुढच्या माणसाला साध्या अर्कावरून अंदाज बांधता येईल.

दुसऱ्या समीक्षकांनी संदर्भासाठी लेखांची एक यादी सुचवली होती. ते सर्व लेख आम्ही वाचले, ज्यांचा थेट संबंध होता ते घेतले आणि उरलेले का घेतले नाहीत याचे कारण संपादकांना सभ्य शब्दांत लिहिले. उत्तराचे पत्र लिहिताना प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली आपले उत्तर, आणि मजकूर कोणत्या ओळीत बदलला तो क्रमांक द्यायचा, ही पद्धत आम्ही काटेकोरपणे पाळली. जिथे समीक्षकांशी सहमत नव्हतो तिथे आकडे देऊन तसे सांगितले. बांध फुटलेल्या पट्ट्याबद्दल ‘मानवी हस्तक्षेप’ हे कारण स्पष्ट लिहावे, अशी त्यांची सूचना होती. आमच्या मोजणीत त्याचा पुरावा नाही, म्हणून वाक्य आहे तसेच ठेवत आहोत, असे आम्ही कळवले आणि संपादकांनी ते मान्य केले.

स्वीकृतीनंतर छपाईपूर्व प्रत आली, ती तपासायला थोडाच अवधी होता. त्यात एककांचे घातांक आणि गावांच्या नावांवर विशेष लक्ष दिले. मूळ माहिती झेनोडो या भांडारात ठेवली, मात्र कुणग्यांचे अक्षांश-रेखांश तीन दशांश स्थळांपर्यंतच दिले, म्हणजे जागा साधारण शंभर मीटरच्या अंतरात कळते आणि कोणत्या कुळाची कोणती जमीन हे उघड होत नाही. सीसी बाय परवान्यात मूळ लेखाचा उल्लेख करून भाषांतर करण्याची मुभा असते. त्या आधाराने आमचा तरुण सहलेखक आणि मी निबंधाचे मराठी रूपांतर करत आहोत. संघटनेने आधी मागितला आहे तो जुलैचा तक्ता, कारण कोणत्या पावसानंतर रोपे लावणे सुरक्षित ठरते, हे त्यांना येत्या हंगामापूर्वी हवे आहे.